विमलाबाईंचं शेवटचं पान

गुरुप्रसाद लांजेकरांना देवाने एकच विद्या दिली, आणि तीही अशी की आज बाजारात तिला कुत्रं विचारत नाही. कोणाचं कितीही गचाळ अक्षर असो, त्यांना ते लागतं. डॉक्टरची चिठ्ठी, वकिलाचा मसुदा, पणजोबांचं मृत्युपत्र, काहीही. झाडगावातला औषधवाला अडला की अजून हाक मारतो, "ओ लांजेकर, ह्या डॉक्टरने काय लिहिलंन् बघा हो जरा." सत्तरीचे गुरुप्रसाद चष्मा कपाळावर सरकवतात, कागद नाकाला लावतात आणि सांगतात. चुकत नाहीत. त्यांचं स्वतःचं अक्षर मात्र असं, की बायको सुलभा म्हणते, "तुमची वाण्याची यादी वाचायला दुसरा लांजेकर आणायला हवा."

ही विद्या आली छापखान्यातून. एकोणिसाव्या वर्षी ते आप्पांच्या छापखान्यात जुळारी म्हणून लागले. शिशाचे खिळे एकेक उचलायचे, हातातल्या पट्टीत उलटे लावायचे, ओळ भरली की पुढची ओळ. समोर लेखकाचा कागद. लेखकांचं काय, ते मनाला येईल तसं लिहितात, निस्तरायचं जुळाऱ्याने. गुरुप्रसादांना एक खोड होती. ओळ जुळवताना ती ते तोंडाने पुटपुटत. त्याशिवाय त्यांचा हातच चालत नसे. ही खोड लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यातून झाला.

विमलाबाई बेहेरे पोस्टात कारकून होत्या. भाट्याच्या खाडीकडे घर, लग्न केलेलं नाही, भाऊ पोफळीला वीज प्रकल्पाच्या वसाहतीत. बाई दिवसभर मनीऑर्डरींवर शिक्के मारायच्या आणि घरी आल्या की भयकादंबऱ्या लिहायच्या. बंद माडी, भिंतीमागचं कण्हणं, सुनेच्या मागून चालणारी बिनपायांची सासू. रत्नागिरीतल्या एका अख्ख्या पिढीला परसात एकटं जायची भीती त्यांनीच घातली. त्यांच्या आईचं डोकं फिरलं होतं आणि एका तिन्हीसांजेला ती घरामागच्या विहिरीत गेली होती. विमला तेव्हा नऊ वर्षांची. हे गावाला ठाऊक होतं आणि बाईंसमोर कोणी बोलत नव्हतं.

त्यांचं अक्षर म्हणजे पाण्यात पडून बाहेर आलेली मुंग्यांची रांग. दुसऱ्या जुळाऱ्यांनी हात टेकले. गुरुप्रसादांना मात्र ते पहिल्या दिवशीच लागलं. तेव्हापासून बाई कागद घेऊन आल्या की आप्पांच्या टेबलाला वळसा घालून सरळ त्यांच्यापाशी यायच्या.

"गुरुप्रसाद, लागतं ना?"

"लागतं, बाई."

नऊ वर्षांत दोघांचं संभाषण एवढंच. पण त्या "लागतं ना"चा गुरुप्रसादांना जो अभिमान होता, तो त्यांना पुढे कशाचाच वाटला नाही.

यंदा पौषात त्यांची नात सानवी घरी आली ती उड्या मारतच. सतरा वर्षांची, कॉलेजात जाणारी, सात वर्षं मृणालीताईंच्या क्लासमध्ये कथक शिकणारी. "आबा, आम्ही विमला बेहेऱ्यांच्या आयुष्यावर कार्यक्रम करतोय! नाच, गाणं, पखवाज, मध्ये जाखडीसुद्धा. आणि विमलाबाई कोण आहे सांगा?"

"कोण?"

"मी!"

गुरुप्रसाद तेव्हा तिच्या घुंगरांची गाठ सोडवत होते. हे त्यांचं रोजचं काम. क्लासमधून ही पोर घुंगरं तशीच पायात घेऊन स्कूटरवरून यायची आणि आजोबांपुढे पाय करायची, कारण तिची गाठ जुळाऱ्याच्या बोटांशिवाय कोणाला सुटत नसे. सुलभाताई रोज करवादायच्या, "म्हाताऱ्यापुढे पाय काय करतेस गो, लाज नाही ती!" आणि दोघं रोज हसायची. त्या दिवशी गुरुप्रसादांची बोटं गाठीवरच थांबली.

दोन दिवसांनी मृणालीताई स्वतः वही घेऊन आल्या. पुण्याहून शिकून आलेली, चटपटीत, मनाने चांगली बाई. कार्यक्रमाचं नाव 'काळोखाची कन्या'. असल्या नावाशिवाय हल्ली तिकीट खपत नाही म्हणतात. त्यांनी विचारलं ते गुरुप्रसादांनी सांगितलं: बाई कशा चालायच्या, छत्री कुठल्या हातात धरायच्या, कपाळाला शाई कशी लागलेली असायची.

"आणि शेवटचा भाग मी 'शोध' म्हणून बसवलाय, काका," मृणालीताई म्हणाल्या. "शेवटच्या कादंबरीनंतर त्यांचं मानसिक संतुलन गेलं ना? घरभर एक पान शोधत राहायच्या. कधी नसलेलंच पान. आईचा आजार मुलीत उतरला. सानवी ते काय करते काका, अंगावर काटा येतो."

"असं लोक म्हणतात," गुरुप्रसाद म्हणाले आणि सुलभाताईंना चहाचं सांगायला आत गेले. चहा समोरच ठेवलेला होता.

कारण ते पान होतं. आतल्या खोलीतल्या लोखंडी ट्रंकेत, तळाला अंथरलेल्या कागदाखाली, गेली बेचाळीस वर्षं होतं.

त्र्याऐंशी सालचा भाद्रपद. दिवाळी अंकाची घाई, आणि अंकात विमलाबाईंची कादंबरी 'सांजविहीर'. तुळसा नावाची सून, दिवस गेलेली, सासरच्या घरात एकेक खोली तिला गिळत चाललेली. गुरुप्रसाद जुळवत होते, पुटपुटत होते, घामाघूम होत होते. तेव्हा त्यांच्या घरी सुलभेला सहावा महिना होता. आदल्या वर्षी पहिलं मूल पोटातच गेलं होतं. त्यांची आई उठता-बसता बजावायची, घरात वाईट बोलू नका, वास्तू दिवसातून एकदा तथास्तु म्हणते, कधी म्हणते ते कोणाला ठाऊक नाही.

आणि बाईंनी शेवटचं पान आणून दिलं. दुसऱ्या दिवशी त्या भावाकडे पोफळीला जाणार होत्या, शेवटच्या पानांचं प्रूफ बघायला नव्हत्या. गुरुप्रसादांनी ते पान वाचलं. तुळसा तिन्हीसांजेला विहिरीवर जाते आणि परत येत नाही. पोटातल्या जिवासकट.

त्यांनी पट्टी हातात घेतली. तोंड उघडलं. शब्द फुटेना. पुटपुटल्याशिवाय हात चालत नाही, आणि हे आपल्या तोंडाने बोलायचं? उद्या काही झालं तर? ते मोरीवर जाऊन तोंड धुऊन आले. परत बसले. नाही जमलं. अखेर दुपारच्या सुट्टीत सगळे जेवायला गेले असताना त्यांनी स्वतःच्या मनाने दोन ओळी जुळवल्या: 'तुळसा मागे वळली. देवापाशी दिवा लावायचा राहिला होता.' आणि बाईंचं पान घडी करून खिशात घातलं.

दोन ओळी. बस्स. आपण काही फार मोठं केलंय असं त्यांना तेव्हा वाटलंच नाही. बाईंना समजावून सांगू, बाई समजून घेतील, असंच मनात होतं.

अंक निघाला आणि त्या दोन ओळी लोकांना इतक्या आवडल्या की विचारू नका. बायकांची पत्रं आली. बेहेरेबाईंनी पहिल्यांदा कोणाला तरी जिवंत सोडलंन् म्हणून घरोघर कौतुक झालं. भाऊबीज उलटल्यावर बाई छापखान्यात आल्या. हातात अंक. आप्पांच्या टेबलापाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हा शेवट माझा नाही."

आप्पा भडक माणूस. दिवाळी अंकाच्या नावावर त्यांचं वर्षाचं पोट. त्यांनी तिथूनच आरोळी ठोकली, "गुरु! बाईंच्या मजकुरात हात घातलास काय रे? घातला असशील तर आत्ताच्या आत्ता चालू लाग!"

सुलभेला आठवा लागला होता. गुरुप्रसाद उठून उभे राहिले आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "नाही आप्पा. कागदात होतं तेच जुळवलं."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. रागाने नाही, तेच वाईट. "गुरुप्रसाद, मी तिला परत आणली? मी तसं लिहिलं?"

"होय, बाई. तुमच्याच हातचं होतं."

"पान आहे?"

"रद्दीत गेलं असेल, बाई."

दुसरं कोणी असतं तर भांडलं असतं. बाई भांडल्या नाहीत, कारण गुरुप्रसादला आपलं अक्षर लागतं, तो चुकत नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. मग चुकलं कोण? त्यांनी उजवा हात समोर धरून उलटापालटा करून पाहिला, दुसऱ्याचा असावा तसा. म्हणाल्या, "आईचंही असंच सुरू झालं होतं." आणि छत्री विसरून निघून गेल्या.

त्यानंतर त्यांनी एक ओळ लिहिली नाही. घर उपसायला लागल्या. रद्दीवाल्याकडे गेल्या. तांदळाचे डबे उपडे केले, गाद्या उसवल्या. शेजारणींनी खिडकीतून पाहिलं आणि दोन दिवसांत गावभर झालं, बेहेरेबाई आईच्या वाटेने चालल्या. पोस्टातून वेळेआधी निवृत्ती घेतली. डिसेंबरात गुरुप्रसादांना मुलगा झाला, विनीत, गुटगुटीत, सुखरूप. बारशाच्या घुगऱ्या वाटताना एक वाटी बाईंकडे न्यावी असं त्यांच्या मनात आलं, आणि पाय उचलला नाही.

त्यांना सांगता आलं नसतं असं नाही. संधी आल्या. पाच-सहा वर्षांनी भाट्याच्या पुलावर बाई समोरून आल्या, केस पिकलेले, आणि थांबून म्हणाल्या, "गुरुप्रसाद, एकच विचारते. नीट आठवून सांगा. तसंच होतं ना?" खाली मचवे लागत होते, पुलावर दुसरं माणूस नव्हतं, आप्पांचा छापखाना विकला गेला होता, नोकरी जायची भीती उरली नव्हती. तरी हा माणूस म्हणाला, "तसंच होतं, बाई." का? तर पाच वर्षांपूर्वी का नाही सांगितलंस, या प्रश्नाला उत्तर नव्हतं म्हणून. खोटं असं व्याजाने वाढतं. जुळवलेले खिळे सोडवून परत खान्यांत टाकता येतात, छापलेलं सोडवता येत नाही, अशी स्वतःची समजूत ते घालत राहिले. त्याला साध्या मराठीत भित्रेपणा म्हणतात.

शेवटी बाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा ते पान खिशात घालून गेलेही होते. शेजारीण म्हणाली, आत्ताच डोळा लागलाय, बसा. ते बसले नाहीत. "झोपू दे," म्हणाले आणि सुटल्यासारखे घरी आले. चौथ्या दिवशी बाई गेल्या. पान मात्र त्यांनी कधी जाळलं नाही. कागदाला चुकून पाय लागला तर नमस्कार करणारा माणूस, लिहिलेला कागद जाळणार कसा? तेवढा धर्म त्यांनी पाळला.

कार्यक्रमाच्या दिवशी संध्याकाळी सहाला नाट्यगृह भरलं. सुलभाताईंनी इस्त्रीचा सदरा काढून दिला होता. तो घालताना गुरुप्रसादांनी ट्रंक उघडली, पान काढलं आणि वरच्या खिशात ठेवलं. आज सांगायचंच. मध्यंतराआधी त्यांचा सत्कार होता: बाईंच्या कादंबऱ्या जुळवलेला शेवटचा हयात माणूस. तेव्हा माइक हातात येईल. इतक्या लोकांसमोर एकदा सांगून टाकलं की बाईंच्या नावाला लागलेलं वेड पुसलं जाईल. आपल्या नावाचं काय व्हायचं ते होवो.

शाल आली, नारळ आला. माइक आला. गुरुप्रसादांनी समोर पाहिलं. पहिल्या रांगेत सुलभा कौतुकाने बघत होती. विनीत मोबाइल उंच धरून उभा होता. विंगेत सानवी, बाईंसारखं नेसून, कपाळाला शाईचा ठिपका लावून.

"बाईंचं अक्षर मला लागायचं," ते म्हणाले. हात वरच्या खिशाकडे गेला आणि परत आला. "लागायचं. बाकी... बाकी काही नाही." आणि खाली येऊन बसले. किती साधा माणूस, असं मागे कोणीतरी म्हणालं.

मग शेवटचा भाग सुरू झाला. क्लासमधला अजिंक्य पखवाजावर होता आणि मृणालीताई स्वतः गात होत्या. गाण्याचं पालुपद गुरुप्रसादांचं होतं. मागे वळली, तुळसा मागे वळली, दिवा लावायचा राहिला. गावातल्या पोरी जाखडीच्या रिंगणात घुंगरं वाजवत फिरत होत्या आणि रिंगणाच्या मध्ये सानवी शोधत होती. चटई उचलून पाहत होती. डबा उपडा करत होती. तांदूळ ओंजळीने चाळत होती. पुस्तकं झटकत होती. गुरुप्रसादांनी तालीम कधी पाहिली नव्हती. आपल्याला सर्दी आहे, गुडघा दुखतोय, असं म्हणत टाळली होती. आणि आता त्यांना कळलं की बेचाळीस वर्षांत आपण बाईंना शोधताना एकदाही पाहिलं नव्हतं. फक्त ऐकलं होतं. ते आता दिसत होतं, आपल्याच नातीच्या अंगावर.

सानवी रिंगणातून सुटून रंगमंचाच्या अगदी कडेला आली. गुडघ्यावर बसली. पखवाज थांबला. तिने दोन्ही हात समोर पसरले, प्रेक्षकांकडे, आणि ओठ हलवून मागितलं. नृत्यात तसंच बसवलेलं होतं. कोणी द्यायचं नव्हतं. हात रिकामे राहायचे आणि अंधार व्हायचा.

गुरुप्रसाद उठले. सुलभाताईंनी सदरा ओढला, "अहो, कुठे निघालात?" शाल खांद्यावरून घसरली. ते चार पावलं पुढे गेले, खिशातून पान काढलं आणि नातीच्या हातावर ठेवलं. "बाई, हे घ्या," ते म्हणाले. आवाज पहिल्या दोन रांगांपुढे गेला नाही.

सानवीचे डोळे क्षणभर मोठे झाले. पण मुलगी तयारीची. तिने पान छातीशी धरलं, मान खाली घातली, आणि वरचा दिवा विझला. नाट्यगृह टाळ्यांनी दणाणलं. लोक उभे राहिले. विनीतने तर शिट्टी मारली. रत्नागिरीचे प्रेक्षक एरवी टाळी वाजवताना हाताला लागेल की काय अशा बेताने वाजवतात, ते उभे राहून वाजवत होते. गुरुप्रसाद त्या टाळ्यांत उभे होते. बेचाळीस वर्षं लोकांच्या ज्या थुंकीची त्यांनी वाट पाहिली होती, तिच्या जागी हे आलं होतं.

रंगपटात मृणालीताई धावतच आल्या. "काका, काय सुचलं हो तुम्हाला! शनिवारी गणपतीपुळ्याला प्रयोग आहे, तिथेही यायचं. हे आता काढायचंच नाही."

"मला सुचलं नाही," गुरुप्रसाद म्हणाले. "ते बाईंचं पान आहे. त्या शोधत होत्या ते. माझ्याकडेच होतं." आणि मग सांगितलं. भाद्रपद, सुलभेचा सहावा महिना, दोन ओळी, आप्पा, पूल. फार वेळ लागला नाही. बेचाळीस वर्षांची गोष्ट पाच मिनिटांत संपली, याचंच त्यांना नवल वाटलं. अजिंक्य पखवाजाला खोळ घालता घालता थांबला. मृणालीताई खुर्चीवर टेकल्या.

सानवीने पान उघडलं. दिव्याखाली धरलं, आडवं केलं, परत सरळ केलं. "मला नाही लागत," ती म्हणाली. "आबा, तुम्ही वाचा."

"सानवी, घरी जाऊन..."

"वाचा."

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि जे तोंडातून काढायचं नाही म्हणून एवढं सगळं झालं होतं, ते मोठ्याने वाचलं.

"तुळसा विहिरीच्या कठड्याशी उभी राहिली. घरात दिवे लागत होते. तिने वाकून पाहिलं तर पाण्यात तिचं तोंड नव्हतं, आईचं होतं. पोटातलं लेकरू एकदा हललं. 'आले गो,' तुळसा म्हणाली, आणि नऊ वर्षांची एक मुलगी मागीलदारी दिवा घेऊन आली तेव्हा कठड्यावर फक्त बांगड्या काढून ठेवलेल्या होत्या, एकीत एक, नीट."

सानवीने पानावर बोट ठेवलं.

"आणि हे वर कोपऱ्यात काय आहे? लाल पेन्सिलीने?" सानवीने विचारलं.

ते त्यांना पाठ होतं. कागद हातात आला की आधी कोपऱ्यातली सूचना वाचायची, ही जुळाऱ्याची पहिली शिकवण. त्या दुपारी त्यांनी आधी तेच वाचलं होतं.

"'गुरुप्रसाद,'" त्यांनी वाचलं, आणि थांबले, आणि पुन्हा वाचलं. "'गुरुप्रसाद, हे पान तुम्हीच जुळवा, दुसऱ्याच्या हाती जाऊ देऊ नका. प्रूफ बघायला मी नाही, पण तुम्ही आहात म्हणून निर्धास्त जाते आहे. हे लिहायला मला अकरा वर्षं लागली.'"

बाहेर खुर्च्या आवरल्याचे आवाज येत होते.

"म्हणजे त्या वेड्या नव्हत्या," सानवी म्हणाली.

"नव्हत्या गो."

"आणि तुम्हाला माहीत होतं. मी तीन महिने घरात त्यांचं वेड बसवत होते, तुमच्यासमोर. तेव्हाही माहीत होतं."

"होय."

तिने पान घेतलं, नीट घडी केली आणि आपल्या बॅगेत ठेवलं. मग ती समोरच्या बाकावर जाऊन बसली आणि घुंगरांची गाठ सोडवायला लागली. गाठ घट्ट बसली होती. ती ओढत राहिली, नखाने उकरत राहिली, दातांनी ओढायला वाकली. गुरुप्रसाद नकळत दोन पावलं पुढे आले, हात पुढे केला. सानवीने पाय बाकाखाली घेतला.

"राहू दे, आबा," ती म्हणाली. "माझी मी सोडवते."